हवेतला गाळ

आमचे घरमालक सायकलच्या पंपाने हवा भरत नसत, काढत असत.

पंपाच्या आतलं चामड्याचं वायसर त्यांनी उलटं बसवून घेतलं होतं. दांडा ओढला की बाहेरची हवा आत यायची. पंपाच्या तोंडाशी एक पितळी डबी आणि डबीत रुपयाएवढा गोल, पांढरा, गाळणीचा कागद. दांडा दोनशे वेळा ओढायचा, मग डबी उघडून कागद उजेडात धरायचा. हवेत जे काही तरंगत असेल त्याचा डाग कागदावर आलेला असे. हा उद्योग ते पिठाच्या गिरणीत, तालमीत, देवळात, मोटारस्टँडवर, कुठेही करत. ओढी मोजत असताना कोणी रामराम घातला तर उत्तर देत नसत, कारण मोजण्यात खंड पडला असता. पण रामराम विसरतही नसत. दोनशे झाले की त्या माणसाला शोधत जात आणि त्याचा रामराम त्याला परत करून येत. एकदा ते असे स्टँडवर पोचले तोवर त्या माणसाची गाडी सुटली होती. त्यांनी धुरळ्यात दिसेनाशा होणाऱ्या गाडीला हात जोडले आणि समाधानाने घरी आले.

सगळे त्यांना आबा म्हणत. मीही आबाच म्हणतो.

ही पन्नास सालानंतरच्या पाच-सात वर्षांतली हकीकत आहे. मी शेळगावचा. बारामतीला कालव्याच्या कचेरीत नवा कारकून म्हणून लागलो होतो. आबा त्याच कचेरीत गाळ मोजायच्या कामावर होते. कालव्याचं पाणी ठरावीक मैलांवर बाटल्यांत भरून आणायचं, कागदातून गाळायचं, कागद वाळवायचा आणि नाजूक काट्यावर तोलायचा. सव्वीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. त्या सव्वीस वर्षांतून त्यांना एक गोष्ट उमगली होती आणि ती ते भेटेल त्याला सांगत.

"जाड गाळ पयल्या दोन मैलांतच खाली बसतो. त्येचं काय भ्या न्हाय, खोऱ्यानं वढून काढता येतो. बारीक हाय त्यो बसतच न्हाय. त्यो पार इंदापूरच्या टेलपातुर जातो. हवंचंबी तसंच. रस्त्यावरची माती नाकात आडकती, शिंकरली की गेली. बारीक हाय ते सरळ खाली जातं. छातीच्या टेलला."

कालव्याच्या शेवटच्या टोकाला आमच्याकडे टेल म्हणतात. छातीलाही टेल असतं हे मी त्यांच्याकडून पहिल्यांदा ऐकलं.

त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मी बायकोसह राहायला घेतल्या. खोल्या बघायला गेलो तेव्हा त्यांनी जात, गाव, पगार काहीच विचारलं नाही. वही उघडून बसले.

"विडी वढता?"

"नाही."

"उदबत्ती लावता?"

"सकाळी एक."

"एक म्हंजे एकच? सणासुदीला?"

"दोन."

त्यांनी लिहून घेतलं: उदबत्ती एक, सणाला दोन. चुलीबद्दल विचारलं नाही. चूल सगळ्यांच्याच घरी असते, तिच्याबद्दल कोण विचारणार? त्यांची स्वतःची चूल मात्र थंड होती. बायको जाऊन पंधरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, जेवण खाणावळीत.

कागदावरचा डाग किती गडद आहे हे ठरवायला त्यांनी एक पुठ्ठा तयार केला होता. चुन्यात काजळ कमीजास्त मिसळून त्यावर अकरा चौकोन रंगवले होते. पहिला स्वच्छ पांढरा, म्हणजे शून्य. शेवटचा काळाकुट्ट, म्हणजे दहा. याला ते शिडी म्हणत. मातीचा डाग तांबूस येतो, धुराचा करडा किंवा काळा येतो, म्हणून मातीची शिडी वेगळी होती. एक डाग सहाव्या आणि सातव्या पायरीच्या मधला आहे असं मला दिसलं तेव्हा मी म्हणालो, "आबा, साडेसहा लिहा."

"अर्ध्या पायरीवर पाय ठिवतं का कोन?"

"मग सहा लिहिलं तरी चूक, सात लिहिलं तरी चूक."

त्यांनी वही पुढे ओढली. "तुमचं नाव आजपासून दशांशराव," म्हणाले, आणि साडेसहा लिहिलं. पुढे कचेरीतही तेच नाव पडलं. मला त्याचा राग आला नाही, कारण अर्धी पायरी तेव्हापासून त्यांच्या वहीत कायमची आली.

आकड्याशेजारी ते नेहमी वाऱ्याची दिशा, वेळ आणि आपण जमिनीपासून किती उंच बसलो होतो हे लिहीत. "वारा लिवला न्हाय तर आकडा म्हंजे पत्ता नसल्यालं पाकीट," म्हणत. "आत कायका असंना, जायाचं कुठं ते कळत न्हाय."

त्यांच्याबरोबर मी रविवारी खूप हिंडलो. पणदऱ्याच्या एका गुऱ्हाळावर गेलो होतो ते चांगलं आठवतं. कढई रटरटत होती, चुलवाणात चिपाडं पेटली होती आणि आबा तोंडाला उपरणं न लावता चुलवाणापाशी उकिडवे बसून पंप ओढत होते. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा मुख्य माणूस, वर कढईशी उभा होता. तो म्हणाला, "आबा, समदी हवा काढून नेऊ नगा बरं का. आमाला वाईच श्वासापुरती ऱ्हाऊ द्या."

आबांनी उत्तर दिलं नाही. दोनशे झाल्यावर उठले आणि त्याला म्हणाले, "तुज्यापुरती ठिवली हाय. पन ती आठव्या पायरीची हाय, जपून घे."

"आन तुमी घेतली ती?"

"तीबी आठव्याचीच. आपन दोघं शेजारी."

मग ते तिथून वाऱ्याच्या वरच्या अंगाला तीस पावलं चालत गेले आणि पुन्हा दोनशे ओढी घेतल्या. तिथला कागद दुसऱ्या पायरीचा आला. गुळव्याला दोन्ही कागद शेजारी धरून दाखवले. पुढच्या हंगामात गेलो तेव्हा त्याने जाळ घालणाऱ्या माणसाची बसायची जागा वाऱ्याच्या वरच्या बाजूला हलवलेली होती. "आबांच्या कागदापायी न्हाय," तो म्हणाला, "तितं सावली चांगली पडती." सावली दोन्हीकडे सारखीच होती.

दौंडहून येणाऱ्या छोट्या रेल्वेगाडीतही त्यांनी हे केलं. इंजिनामागच्या डब्यात नववी पायरी, शेवटच्या डब्यात चौथी. त्यांनी हे चार जणांना सांगितलं, त्या चौघांनी आणखी चौघांना. काही आठवड्यांतच बारामतीची मंडळी शेवटच्या डब्यात कोंबून बसायला लागली आणि पुढचा डबा मोकळा धावू लागला. तिकीट तपासणारा वैतागून म्हणाला, "आबा, गाडी उलटी जोडायला सांगू का?" आबांनी ते मनावर घेऊन विचार केला आणि म्हणाले, "जोडा. पन मग जाताना काय करनार?"

त्यांच्या हव्यासाचं खरं टोक मात्र दुसरंच होतं. त्यांना शून्य हवं होतं. पूर्ण पांढरा कागद. जगात कुठेतरी अशी हवा असेल की दोनशे ओढी घेतल्या तरी कागद कोरा राहील, असं त्यांना वाटे. त्यासाठी ते इंदापूरकडे भीमेच्या काठाला पहाटे जाऊन बसले. माळावर बसले. पिंपळीच्या पुढे एका ओसाड विहिरीत उतरून बसले. विहिरीतून वर येऊन त्यांनी मला कागद दाखवला तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता. अर्धी पायरी होती. "दशांशराव," ते म्हणाले, "तुमी अर्धी पायरी काढली नसती तर आज मला शून्य मिळालं असतं."

म्हणूनच पुढची चूक झाली.

सगळीकडची हवा मोजून झाली तरी स्वयंपाकघरं राहिली होती. परक्या पुरुषाने चुलीपाशी जाऊन बसायचं नाही, हा रिवाज. आबा वयाने मोठे आणि घराचे मालक, तरी आमच्या आतल्या खोलीचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नव्हता. त्यांनी युक्ती काढली. आमच्या आळीतली बारा घरं निवडली आणि एकेका घरी एकेक दिवस पंप द्यायचं ठरवलं. घरातल्या बाईने भाकऱ्या चालू असताना चुलीजवळ बसून दोनशे ओढी घ्यायच्या. मोजायला ज्वारीचे दोनशे दाणे. एक ओढ झाली की एक दाणा या वाटीतून त्या वाटीत. कागद फाटला तर अडू नये म्हणून प्रत्येक घरी तीन कागद दिले.

बारा दिवसांत बारा कागद आले. बाराही कोरे. शून्य.

आबांना मी एवढं आनंदात कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी सबंध आळीला पेढे वाटले. "अकरा म्हैने मी भीमेच्या काठानं हिंडलो," ते म्हणत होते, "आन शून्य हितं, आपल्या बायकांच्या सैपाकघरात!"

मी आकड्यांचा माणूस. मला ते पटलं नव्हतं हे नमूद केलं पाहिजे. मी म्हणालो, "आबा, अंगणात दोन येतात आणि आत शून्य? आणि बारा घरांत एकाचाही अर्धा नाही?"

"साठल्यालं पानी निवळतं का न्हाय? बंद खोलीतली हवा तशीच. वारा न्हाय, जमीन सारवल्याली. गाळ खाली बसतो."

"पण बारीक गाळ बसत नाही, हे तुम्हीच सांगता."

त्यांनी पेढ्यांचा पुडा माझ्यापुढे केला. मग म्हणाले, "पानी लई दिवस थांबलं तर बारीकबी बसतो, दशांशराव." आणि मी गप्प बसलो. आमचा पंपाचा दिवस होता तेव्हा मी कालव्यावर फिरतीला होतो, पण इतर दिवशी मी रोज त्या खोलीशेजारी जेवत होतो. डोळे चुरचुरत होते. स्वयंपाकाची खोली माझ्या जेवायच्या पाटापासून सात पावलांवर होती आणि मी उठून पाहिलं नाही.

आबांनी आपला अहवाल आरोग्य खात्याला पाठवला. त्यात शिफारस होती की धुळीच्या दिवसांत बायकामुलांनी शक्य तितकं आत, स्वयंपाकघरात बसावं.

माझी बायको त्या आधीच्या हिवाळ्यापासून खोकत होती. आमची स्वयंपाकाची खोली मागच्या बाजूला, तिन्ही भिंती बंद, धूर निघायला कौलांतली फट तेवढी. जळणाला तुराट्या आणि गोवऱ्या, निम्म्या ओल्या. आबांचा आकडा आला तेव्हा मीच तिला सांगितलं की बाहेर धुळीत बसू नकोस, आत बस. ती बसली. निवडणं, टिपणं, मुलीला निजवणं, सगळं आत. दोन महिन्यांत खोकला दुप्पट झाला. हा दुप्पट शब्द मी सहज वापरत नाही. सकाळच्या पहिल्या तासात ती किती वेळा खोकते ते मी मोजत असे.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छाती तपासली. लगेच घाबरण्यासारखं काही वाटत नाही, पण क्षयाचा संशय राहू नये म्हणून पुण्याला जाऊन छातीचा फोटो काढा, म्हणाले. या वाक्यातले सगळे शब्द गळून फक्त 'क्षयाचा संशय' एवढे दोन शेळगावला पोचले. आईने निरोप धाडला: सुनेने माहेरी पणदऱ्याला जावं, बरं वाटेपर्यंत तिथे राहावं, नात शेळगावला आजीपाशी राहील. मुलगी दोन वर्षांची होती. बरं वाटेपर्यंत म्हणजे कधीपर्यंत, हे निरोपात नव्हतं. आमच्या भावकीत अशी एक बाई माहेरी गेली होती. तिचं मूल तिला ओळखेनासं झालं तेव्हा कुठे तिचा खोकला थांबला.

मी विरोध केला का? थोडा केला. पुरेसा केला नाही.

आबांविषयी आणखी दोन गोष्टी सांगून मग बायको माहेरी निघाली त्या सकाळकडे येतो. नोकरी संपल्यावर ते इंदापूर भागात भाच्याच्या मळ्यात राहायला गेले. तिथे द्राक्षांना आणि भाज्यांना औषध मारतात त्याचे थेंब किती दूरवर जातात हे त्यांनी कागदावर मोजायला घेतलं होतं. भाचा म्हणे, मामाच्या पंपामुळे गडी कामावर यायला घाबरतात. ते गेल्याचं मला पत्राने कळलं. त्यांच्या वह्यांचं काय झालं ते मला माहीत नाही. विचारायला हवं होतं. दुसरी गोष्ट अशी की त्यांनी आयुष्यात कुणाला 'मी सांगितलं नव्हतं का' असं म्हटलेलं मला आठवत नाही. इतकी वर्षं मोजून, इतकं बरोबर येऊन, दुसरा कुणी म्हणाला असता.

आई आली ती बाजाराच्या आदल्या दिवशी, माझ्या धाकट्या भावाबरोबर बैलगाडीने. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नातीला घेऊन शेळगावला निघणार आणि मी बायकोला एस. टी.ने पणदऱ्याला पोचवणार, असं ठरलं. सकाळी ट्रंक अंगणात आली. भावाने बैल जोडले. आबा निरोप द्यायला बाहेर आले.

आई काही दुष्ट बाई नव्हती. आपण वावगं करत नाही हे चार माणसांसमोर ठरावं, अशी तिची इच्छा होती. ती आबांना म्हणाली, "मी काय वैरीण न्हाय हिची. पन तुमच्या यंत्रानंच दाखवलं न्हवं, सैपाकघरात कायबी न्हाय म्हनून? मंग खोकला हिच्या छातीतलाच म्हनायचा. लेकरू हिच्यापाशी कसं ठिवू?"

आबांनी मान हलवली. त्यांना वाईट वाटत होतं ते दिसत होतं. "आकडा तर शून्य हाय, आक्का."

बायको दाराच्या चौकटीत उभी होती. ती म्हणाली, "त्यो कागद आमचा न्हवं."

कुणाला कळलं नाही. आबांनी विचारलं, "काय म्हनलीस, सूनबाई?"

"दोनशे दानं मोजून वढलं. कागद काळा झाला. काळा चुलीत टाकला आन कोरा व्हता त्यो दिला."

"का गं?"

"मागून आनल्यालं भांडं आपन घासूनच परत देतो न्हवं? काळं कसं दुसऱ्याच्या हातात द्यायचं?" थोडं खोकून ती पुढे म्हणाली, "आन तुमी त्येच्यावर नाव लिवनार. अमक्याच्या घरात काजळी. लोक म्हनतील, बाईला घर राखाया येत न्हाय."

"बाकीच्यांनी?"

"समद्यांनीच. पयल्या घरी ठरलं. मंग पंप देताना एकमेकीला सांगत गेलो."

आबा ट्रंकेवर बसले. थोड्या वेळाने त्यांनी मला खूण करून आतून वही आणायला सांगितली. वहीचं ते पान काढून बारा शून्यांवर एकेक आडवी रेघ मारली. पान फाडलं नाही. समोर लिहिलं: मोजणाऱ्याची चूक.

"आबा, चूक बायकांची. तुमची कशी?" मी म्हणालो.

"तीन कागद कुनी दिलं? मला काळजी कागदाची, त्यास्नी घराच्या नावाची. मी फकस्त कागदाची सोय केली." मग आवाज खाली गेला. "आन मला शून्य पायजे व्हतं, दशांशराव. तुमी बोल्ला व्हता."

इथे थोडं पुढचं सांगतो. त्याच आठवड्यात त्यांनी आरोग्य खात्याला दुसरं पत्र लिहिलं की आधीची शिफारस चुकीची आहे, कुणीही पाळू नये, चूक माझी आहे. पत्र पोचल्याचं कार्ड आलं, आणखी काही आलं नाही. नंतर ते आमचं सोडून बाकी अकराही घरी स्वतः गेले आणि ओसरीवर उभं राहून प्रत्येक बाईला सांगितलं की कागद जितका काळा तितकं माझं काम चांगलं. कागदावर नाव न लिहिता नुसते नंबर घातले. या वेळी आठव्या पायरीच्या खाली एकही आला नाही.

त्या सकाळी मात्र ते ट्रंकेवरून उठले, पंप आणला आणि आमच्या आतल्या दाराशी येऊन उभे राहिले. "सूनबाई, चूल पेटव. रोजची पेटवतीस तशीच. मी आत येऊ का?"

आई म्हणाली, "आवं, परका बाप्या चुलीपाशी? काय म्हनतील लोक!"

बायकोने आईकडे बघितलं नाही. "या आबा," म्हणाली, आणि स्वतःचा बसायचा पाट त्यांच्याकडे सरकवला.

ती चुलीच्या दुसऱ्या बाजूला बसून भाकरी थापू लागली. फुंकणीने जाळ केला. धूर आधी कौलांपर्यंत गेला, मग जागा न मिळाल्याने खाली उतरला. मी आणि आई दारात उभे. आबा दांडा ओढत होते, मी दाणे मोजत होतो. साठाच्या पुढे त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. शंभरानंतर खोकला सुरू झाला.

"आबा, उठा. भायेर व्हा," बायको म्हणाली.

"तू उठतीस का?"

"मी उठले तर भाकरी कोन करंल?"

"मंग मीबी उठत न्हाय."

एकशे तीसच्या आसपास त्यांचा हात थांबला. दम लागला होता. बायकोने पिठाचा हात पदराला पुसला, पंप त्यांच्या हातातून घेतला आणि उरलेल्या ओढी स्वतः घेतल्या. खोकत होती, पण ओढ चुकू दिली नाही. माझ्याकडे दोनशे पूर्ण झाले.

आबांनी अंगणात येऊन डबी उघडली. कागद शिडीशेजारी धरला. दहाव्या पायरीचा चौकोन त्यांनी निव्वळ शिडी पुरी करायची म्हणून रंगवला होता. तिथवर कुठला कागद जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं. हा कागद त्याहून काळा होता. ते कितीतरी वेळ एकदा चौकोन, एकदा कागद बघत राहिले. पणदऱ्याचं चुलवाण आठ, रेल्वेचं इंजिन नऊ.

"काय लिहू?" मी विचारलं.

"शिडी संपली म्हनून लिव्हा."

मग ते आपल्या घरात गेले आणि पहार घेऊन आले. "भिंत माझी हाय," म्हणाले, आणि आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर, चुलीच्या अगदी समोर, पहिला घाव घातला. कचेरीची वेळ झाली होती. त्यांनी सव्वीस वर्षांत कधी उशीर केला नव्हता.

भाऊ बैलांपाशी ताटकळत उभा होता. त्याला ऊन व्हायच्या आत निघायचं होतं. मुलीला त्याने आधीच गाडीत गवताच्या गादीवर बसवलं होतं, तिच्या हातात भाकरीचा तुकडा होता. आई गाडीपाशी गेली, चढली, नातीला मांडीवर घेतलं. पुण्याचा फोटो आम्ही नंतर काढला आणि त्यात क्षय निघाला नाही. पण त्या वेळी हे कुणालाच माहीत नव्हतं. संशय होता तिथेच होता. बायको दारातून हलली नाही. मी आईला काहीतरी म्हणणार होतो, ते काय होतं ते आता आठवत नाही.

आई स्वतः रोज पहाटे खोकायची. आमच्या लहानपणापासून तिच्या खोकल्याने आम्हाला जाग यायची. कुणी त्याला खोकला म्हणत नव्हतं. ती उठली, एवढंच त्यावरून कळायचं.

गाडीतून तिने हाक मारली. "आबा."

आबा पहार हातात घेऊन आले. केस, मिशा, धोतर, सगळं मातीने भरलेलं.

"मी चाळीस वरसं तसल्याच खोलीत सैपाक केला," आई म्हणाली. "भिंत फोडली तर माजाबी जाईल का?"

आबांना कुठल्याही प्रश्नाला आकडा देता यायचा. त्यांनी पहार जमिनीवर टेकवली. "चाळीस वरसाचा गाळ हाय, आक्का," ते म्हणाले. "मला ठावं न्हाय. खोटं कसं सांगू?"

मांडीवरच्या मुलीच्या तोंडाला लागलेली भाकरी आईने पुसली. मग तिला दोन्ही हातांनी उचलून गाडीच्या बाहेर धरलं आणि दाराकडे बघून म्हणाली, "घे गं हिला. किती वेळ धरून ठिवू?"